बिनहळदीचे सहा महिने

नत्थूजींच्या घरात सहा महिने हळद शिजली नव्हती. वरण पांढरं, बटाट्याची भाजी पांढरी आणि खिचडी तर आजाऱ्यासाठी केल्यासारखी. नागपूरच्या इतवारीतला कोणी ओळखीचा जेवायला बसला की पहिल्या घासाआधी दबकत विचारी, घरात काही झालं आहे का. नत्थूजी मान खाली घालून जेवत राहत आणि रुखमाबाई चुलीजवळूनच सांगे की सून पोटुशी आहे, तिला हळद सोसत नाही. खरं म्हणजे सुनेला हळद उत्तम सोसत होती. गोपिका माहेरी गेली की आईच्या हातचं पिवळंधमक पिठलं दोन वाट्या खाऊन, चार वेळा तोंड धुऊन परत येई.

हळदीपुरतंच ते थांबलं नव्हतं. दसऱ्याला दाराला झेंडूऐवजी पांढऱ्या शेवंतीचं तोरण लागलं. पाच वर्षांच्या प्रेमिलाचा पिवळा फ्रॉक ट्रंकेच्या तळाशी गेला. मागच्या खोलीत अजून दोन माग चालत होते, पण त्यांच्यावर पिवळा धागा येण्याचा प्रश्नच नव्हता. तो या घरात सत्तेचाळीस सालापासून बंद होता. तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरी पिवळा धागा नाही, म्हणजे हलवायाच्या घरी साखर नाही. लोक हसत. रुखमाबाईला हसणाऱ्यांची पर्वा नव्हती. तिनं स्वतःची चार लेकरं पिवळी होऊन जाताना पाहिली होती, आणि दोन वर्षांपूर्वी सुनेचं एक.

हे कशानं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. उमरेडहून लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरची एकच विद्या सोबत आणली होती, पळसाच्या फुलांच्या पिवळ्या रंगाची. फाल्गुनात फुलं वेचायची, सावलीत वाळवायची, तुरटी घालून उकळायची आणि सुताची लड त्यात बुडवून बरोब्बर वेळेला बाहेर काढायची. क्षणभर आधी काढली तर रंग आजारी, क्षणभर उशीर झाला तर तांबूस. तिची वेळ कधी चुकली नाही. त्या रंगाच्या काठाची लुगडी घ्यायला गांधीबागेतले व्यापारी घरी येऊन बसत आणि नत्थूजी, तेव्हा पंचविशीतले, उगाचच कढईजवळ घुटमळत. काय दिवस होते ते. दोघांना वाटायचं, सगळं जग आपल्या अंगणातूनच रंगून जातं.

विश्वनाथ झाला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि पोरगा ठणठणीत होता. पण ते सासूनं धरलं नाही. दुसरं मूल दोन दिवसांत पिवळं होऊन गेलं, मग तिसरं, मग चौथं, आणि सासू म्हणाली, हिच्या हातचा रंग पोटात उतरतो. पाचव्या वेळी तिला कढईला हात लावायची बंदी झाली. तिनं ती पाळली. फक्त एकदा, सातव्या महिन्यात, गड्याच्या हातून रंग बिघडताना पाहवेना म्हणून तिनं एक लड बुडवली आणि लगेच हात धुतले. ते पाचवंही गेलं. कढई मोडीत गेली, आणि रुखमाबाईनं त्या एका लडीची गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती.

म्हणून ऑगस्टात मोठ्या दवाखान्यातल्या यमुताई डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून ही कितवी खेप असं विचारलं, तेव्हा गोपिकाच्या आधी तीच बोलली. दुसरी, म्हणाली. पहिली पोरगी आहे, टुणटुणीत आहे. भरल्या पोटावर गेलेलं मूल मोजायचं नाही, नाहीतर आतलं ते ऐकतं आणि त्यालाही जायची वाट कळते, असं त्यांच्याकडे मानत. गोपिकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. डॉक्टरीणबाईंनी दोन हा आकडा लिहिला.

डिसेंबरात त्या कागदावर दुसरा एक कागद येऊन पडला. गोपिकाच्या रक्ताचा. यमुताईंनी तो दोनदा वाचला आणि रुखमाबाईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"ही दुसरी खेप नाही ना?" त्यांनी विचारलं.

गोपिकानं दाराकडे पाहिलं. "तिसरी," ती म्हणाली. "मधात पोरगं झालं होतं. तीन दिवसाचं होऊन गेलं. पिवळं पडलं होतं."

"हे मला ऑगस्टात कळायला हवं होतं." यमुताई ओरडल्या नाहीत, त्यामुळे गोपिका जास्त घाबरली.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि गोपिकानं ते इतकं मन लावून ऐकलं की पुढे कित्येक वर्षं ती शेजारणींना तेच शब्द सांगत असे. बहुतेकांच्या रक्तात एक वस्तू असते, काहींच्या नसते. तुझ्यात नाही, तुझ्या नवऱ्यात आहे. बापाची ती वस्तू घेऊन मूल आलं की बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या रक्ताला ते परकं वाटतं आणि ते पहारेकरी उभे करतं. पहिलं मूल तोवर सुखरूप बाहेर आलेलं असतं. पुढच्या मुलाला मात्र ते पहारेकरी आत शिरून गाठतात आणि त्याचं रक्त फोडतात. फुटलेल्या रक्ताचा तो पिवळा रंग. तुझ्या रक्तात आज असे पहारेकरी बरेच आहेत, आणि वाढताहेत.

"म्हणजे हळदीनं नाही होत?" गोपिकानं विचारलं.

ही थट्टा आहे की काय, म्हणून यमुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या म्हणाल्या की नाही, हळदीनं काही होत नाही.

"मंग पोटातल्याचं रक्त कसं आहे, ते पाहा ना माह्या रक्तातून."

"तेच तर येत नाही ना. तुझ्या रक्तातून पहारेकरी मोजता येतात, आत कोण आहे ते दिसत नाही. कदाचित पुढे कधी आईच्या एका थेंबावरून तेही कळेल. आज जन्मल्यावरच कळतं." त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. "एक गोष्ट मात्र पाहता येईल. तुझ्या सासूसासऱ्यांचं रक्त तपासू. दोघांपैकी एकात जरी ती वस्तू नसली, तर तुझ्या नवऱ्यात ती अर्धीच आली. मग या बाळात ती नसण्याची आठ आणे आशा."

गोपिका त्या आठ आण्यांना पदराच्या गाठीत बांधून घरी आली.

घरी मात्र वादळ झालं. विश्वनाथ गिरणीत बाबू होता आणि आईपुढे कधी आवाज चढवत नसे. शेजारीपाजारी त्याच्या शांतपणाचा दाखला देत. त्या संध्याकाळी त्यानं डबा तसाच ओट्यावर ठेवला.

"माय, तू त्या बाईले खोटं काहून सांगितलं?"

"खोटं नाही सांगितलं मी. गेलेल्याचं नाव पोटातल्याच्या कानावर नाही पडू देत. तुले नाही समजत त्यातलं."

"मंग आता तू समजून घे. तुह्या हळदीनं नाही, तुह्या चूप राहण्यानं जाईन हे लेकरू."

नत्थूजी मागावरून उठून आले. एरवी ते अशा वेळी बाहेर पानाच्या ठेल्यावर जात. आज ते दारात उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, तुझ्या मायशी असं बोलू नको. विश्वनाथला नवल वाटलं. बाप आईची बाजू घेतो हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रुखमाबाईनंही पाहिलं नव्हतं, आणि तिला त्यानं आधार वाटण्याऐवजी जास्तच रडू आलं.

जानेवारीत दोघांचं रक्त घेतलं. सुई काढून कापूस दाबत यमुताईंनी सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती. एक, रुखमाबाई म्हणाली. यमुताईंनी लगेच लिहिलं नाही. सुनेच्या वेळी एकदा चुकल्या होत्या, म्हणून त्या थांबल्या. खोलीत नत्थूजी होते, विश्वनाथ होता, गोपिका पोट सांभाळत स्टुलावर बसली होती.

"एक राहिला," रुखमाबाई म्हणाली. "चार गेले. पिवळेच."

आणि मग ती बोलतच सुटली. पळसाची फुलं, कढई, सासू, आणि सगळ्यात शेवटी ती एक लड. सत्तावीस वर्षं जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही ती तिनं एका परक्या बाईला, हातावर कापूस दाबून धरत सांगितली. नत्थूजींनी टोपी काढली आणि परत घातली. यमुताईंनी तिला म्हटलं की आजी, रंगानं काही झालं नाही. रुखमाबाईनं मान हलवली, जशी आपण समजूत घालणाऱ्या माणसासमोर हलवतो.

आठवड्यानं निकाल आला. नत्थूजींच्या रक्तात ती वस्तू होती, रुखमाबाईच्या रक्तात नव्हती. सुनेसारखीच ती निगेटिव्ह निघाली. म्हणजे विश्वनाथमध्ये अर्धीच, म्हणजे आठ आणे आशा खरी. गोपिकानं हसून सासूकडे पाहिलं. दोघी एका रक्ताच्या नव्हत्या, आणि तरी या घरात त्या दोघीच एकसारख्या होत्या.

पण पहारेकरी वाढत होते. यमुताईंनी सांगितलं की दिवस पुरे होण्याची वाट पाहायची नाही, फेब्रुवारीच्या मध्यात कळा आणायच्या. बाळात ती वस्तू असलीच तर जन्मल्याबरोबर त्याचं रक्त बदलावं लागेल. बेंबीतून थोडं काढायचं, थोडं भरायचं. त्यासाठी निगेटिव्ह रक्ताचा, तोही ओ गटाचा, ताजा दाता हाताशी हवा. रक्तपेढीत असं रक्त असेलच याची खात्री नाही. गोपिकाचे दोन्ही भाऊ तपासून झाले होते, दोघंही पॉझिटिव्ह.

"मंग माह्यंच घ्या ना," रुखमाबाई म्हणाली. तिचा गट ओ होता. तिनं तिथेच बाही वर केली. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला कोणी पाहिला नव्हता.

यमुताईंनी तेही तपासून पाहिलं, आणि नाही म्हणाल्या. तुमचं रक्त बाळाला बाधेल, म्हणाल्या. त्या पुढेही काही सांगत होत्या, पण तिकडे दुसरी एक बाई बाळंतपणात अडली होती, नर्स बोलवायला आली, आणि रुखमाबाई तोवर उठून व्हरांड्यात गेली होती. बाधेल एवढंच तिनं ऐकलं. म्हणजे रंग नव्हता, तर ती स्वतःच होती. घरी आल्यावर तिनं सुनेच्या ताटात वाढणंही प्रेमिलाच्या हातानं सुरू केलं.

नत्थूजी हे सगळं मागावर बसून पाहत होते. धोटा इकडून तिकडे जात होता आणि कापड वाढत नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात नर्समागे जाताजाता यमुताईंनी त्यांना सांगितलं होतं की रुखमाबाईंची सख्खी भावंडं असतील तर त्यांच्यात निगेटिव्ह सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. भावंड एकच होतं, उमरेडचा धोंडबा. आणि धोंडबानं सत्तावीस वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती, त्याला कारण नत्थूजी होते.

पाचवं मूल गेल्यावर महिन्याभरानं धोंडबा आला होता. एकवीस वर्षांचा पोरगा, बहिणीसाठी स्वतःच्या मागावर विणलेलं लुगडं घेऊन. पळसाच्या पिवळ्या काठाचं. बिचाऱ्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. नत्थूजींनी ते दारातच त्याच्या हातात परत दिलं, आणि आई मागे उभी होती म्हणून आणखी चार शब्द बोलले. तुमच्या घरचंच हे आलं आहे, असं काहीतरी. नेमकं काय ते त्यांना आठवत नव्हतं आणि आठवायची इच्छाही नव्हती. त्यानंतरच्या भाऊबिजेला रुखमाबाईनं चंद्राला ओवाळलं, आणि मग दरवर्षी तसंच.

ते घरात कोणालाही न सांगता सकाळच्या एसटीत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलायला लागला होता. नत्थूजींनी खिडकी मिळूनही तिकडे न पाहायचा प्रयत्न केला आणि तो काही जमला नाही.

धोंडबाच्या घरी एकच माग उरला होता, मुलगा कोळशाच्या खाणीत लागला होता. धोंडबानं त्यांना ओळखलं, पाणी दिलं, जेवायला बसवलं. ताटात पिवळं वरण होतं. नत्थूजींनी ते तीन वेळा मागून घेतलं, मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि हात धुऊन त्यांनी सगळं सांगितलं.

"बाईनं पाठवलं का तुमाले?" धोंडबानं विचारलं. थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणे.

"नाही गा. तिले मालूमच नाही मी आलो ते." नत्थूजींनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "त्या दिवशीचं लुगडं म्या परत केलं, धोंडबा. तिनं नाही. ती आत होती, तिनं पाहिलंबी नाही."

धोंडबानं वळून मागाकडे पाहिलं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं की बहीण आत उभी राहून ऐकत होती आणि बाहेर आली नाही. त्या रागावर त्यानं आपलं तारुण्य काढलं होतं; बहिणीचं नाव निघालं की उठून जाणारा माणूस म्हणून गावात त्याची ख्याती होती. आता त्या रागाखालची जमीनच कोणी काढून घेतली होती.

"कवा यायचं?" त्यानं विचारलं.

तो दुसऱ्याच दिवशी आला. रुखमाबाई सुपात तांदूळ निवडत होती. दारात अर्धं टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस पाहून तिनं आधी पदर डोक्यावर ओढला आणि मग सूप खाली ठेवलं. धोंडबा म्हणाला, "बाई, तुह्ये केस पांढरे झाले वं." ती म्हणाली की तुझे तर तेवढेही राहिले नाहीत. गोपिका आतून ऐकत होती आणि तोंडावर हात दाबून हसत होती.

त्याचं रक्त तपासलं. ओ निगेटिव्ह. यमुताईंनी त्याला बजावलं की आता नागपूर सोडायचं नाही, विडी ओढायची नाही, पोटभर जेवायचं. दुसऱ्यांदा रक्त लागलंच तर तशाच रक्ताचा एक विद्यार्थीही त्यांनी सांगून ठेवला होता. धोंडबानं विडीचं तेवढं सोडून बाकी सगळं पाळलं. तो नऊ दिवस त्या घरात राहिला आणि त्या नऊ दिवसांत घराचा आवाजच बदलला. दुपारी बहीणभाऊ ओट्यावर बसत आणि उमरेडच्या गोष्टी काढत. सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, पसरून त्याला खळ लावताना दोघं कशी दोन टोकांना धावत. पाऊस येईल म्हणून आई कशी आभाळाला शिव्या घाली. बाप पळसाच्या जंगलातून गाठोडं घेऊन आला की घरभर कसा तो ओला, कडवट वास सुटे. रुखमाबाई हसायची, डोळे पुसायची आणि पुन्हा सांगायची. गोपिकाला पहिल्यांदाच कळलं की सासूही कधीकाळी कोणाच्या घरची लाडकी पोर होती. नत्थूजी आतून सुताच्या कांड्या भरत ऐकत आणि ते बोलणं थांबू नये म्हणून चहासुद्धा स्वतःच करून घेत.

पंधरा फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी, गोपिकाला मुलगी झाली. यमुताईंनी नाळेचं रक्त लगेच तपासायला पाठवलं. व्हरांड्यात विश्वनाथ भिंतीला पाठ लावून उभा होता, रुखमाबाई खाली बसली होती, नत्थूजी जिन्यापर्यंत जाऊन परत येत होते. अर्ध्या तासानं निरोप आला. पोरीत बापाची ती वस्तू होती. आठ आणे गेले.

धोंडबाला आत नेलं. त्याच्या रक्ताची काचेची बाटली भरली, तपासली, आणि मग दोन तास ते चाललं. बेंबीतून थोडं काढायचं, थोडं भरायचं, पुन्हा थोडं काढायचं. विश्वनाथनं दाराच्या काचेतून एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. धोंडबा हाताला पट्टी बांधून बाहेर आला, बाकावर टेकला, आणि मेहुण्यानं पुढे केलेली ग्लुकोजची बिस्किटं एकेक करून खाऊ लागला.

"भाऊजी, ते लुगडं अजून आहे माह्यापाशी," तो म्हणाला. "बायकोले नाही नेसू देलं."

नत्थूजींनी बिस्किटाचा पुडा त्याच्या बाजूला ठेवला आणि त्याच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या डोळ्यांत पिवळेपणा होता आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तिसऱ्या दिवशी तो वाढला नाही. चौथ्या दिवशी यमुताईंनी तिला उजेडात धरून पाहिलं, तिचं नाक बोटानं दाबलं, आणि म्हणाल्या की आता हिला कोणी हात लावत नाही, ही जगणार. विश्वनाथ बाहेर जाऊन पेढे आणण्याऐवजी व्हरांड्यातच बसून रडला. प्रेमिलानं बहीण पाहिली आणि ती लाल का आहे, असं विचारलं. कोणालाच त्याहून चांगला रंग सुचला नसता.

रुखमाबाई मात्र दारापासून पुढे येत नव्हती. रोज सकाळी डबा घेऊन यायची, उंबरठ्यावरून विचारायची, दूध ओढते का, झोपली का. जवळ या म्हटलं की म्हणायची, घरी काम पडलं आहे. चार दिवस तिनं नातीला शिवलं नव्हतं. गोपिकानं ते पाहिलं होतं, आणि चौथ्या दिवशी यमुताई तपासायला आल्या तेव्हा तिनं त्यांना थांबवून जे विचारायचं ते विचारून घेतलं.

दुपारी रुखमाबाई आली तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"आत्याबाई, बसा जराशा."

"नाही वं. डबा ठेवते अन् जाते."

"लेकराले नाही घेत काहून तुमी?"

रुखमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माह्यं रक्त बाधते म्हणे तिले. तुह्या डॉक्टरीणनंच सांगितलं. अंगाले अंग लागलं तर काय सांगता येते."

"अंग नाही बाधत, आत्याबाई. म्या विचारलं आज त्याइले. तुमचं रक्त नाही घेतलं त्याले कारण वेगळं आहे." गोपिका उशीला टेकून नीट बसली. "लेकरू पोटात आलं का आईचं रक्त त्याले ओळखून ठेवते म्हणे, ते पहारेकरी हेच. अन् मंग विसरत नाही. लेकरू राहो का जावो. तुमच्या रक्तात ते चौघं सापडले त्याइले. तीस वर्षं होऊन राहिले, तरी सापडले. माह्या रक्तातबी माह्या पोराची खूण आहे. ती आता जात नाही."

रुखमाबाईनं ऐकलं. त्या चार लेकरांचं तिच्यापाशी काहीही नव्हतं. बारशाआधी गेलेल्याचं काही ठेवायचं नसतं, म्हणून सासूनं टोपडी, दुपटी, सगळं देऊन टाकलं होतं. नावं नव्हती. तोंडंसुद्धा तिला आता एकमेकांत मिसळलेली आठवत, आणि ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"चौघायचीबी हाये?" तिनं विचारलं.

यमुताई चौघांची वेगवेगळी खूण असते, असं काही म्हणाल्या नव्हत्या. गोपिकानं डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं, "चौघायचीबी."

रुखमाबाई आत आली आणि स्टुलावर बसली. महिन्यापूर्वी जिथे सुई टोचली होती, त्या हातावर तिनं पदर ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं तो हात लेकरू धरावं तसा छातीशी धरला. ती तशी थोडी थोडी झुलत राहिली.

मग तिनं डोळे पुसले आणि मांडीवरचा पदर सारखा केला.

"आण वं तिले इकडं," ती म्हणाली.